ओळख कोणी पटवायची? नव्या बँक खात्याच्या तपासणीचा आढावा

बँकेत नवे खाते उघडताना आज जे विचारले जाते, त्यातले बहुतेक गेल्या पंचवीस वर्षांत आले. त्याआधी बँकेचा मुख्य प्रश्न असे : तुम्हाला ओळखणारा आमचा कुणी खातेदार आहे का? आता प्रश्न आहे : तुमचा कोणता कागद सरकारी यादीत बसतो? जिथे कागदाची जागा यंत्राने घेतली आहे तिथे विचारले जाते, अंगठा किंवा चेहरा नोंदीशी जुळतो का? या बदलामागे दहशतवादाची धास्ती आहे, काळ्या पैशाचा पाठलाग आहे आणि गरिबाच्या हाती पासबुक यावे ही मनापासूनची धडपडही आहे. हे सगळे हेतू एकाच अर्जात येऊन बसले, म्हणून त्या अर्जावरून इतके वाद आहेत.

त्या वादांची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न. त्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली : चर्चा बहुतेक वेळा नियमाविषयी होते, त्रास मात्र नियम आणि खिडकी यांच्यामधल्या अंतरात होतो.

ओळख देणाऱ्याची सही

जुन्या अर्जाच्या शेवटी एक चौकट असे. शाखेतल्या एखाद्या जुन्या खातेदाराने तिथे आपला खाते क्रमांक लिहायचा आणि अर्जदाराला इतकी वर्षे ओळखतो असे लिहून सही करायची. कारकून ती सही नमुना सहीशी ताडून पाहायचा आणि बहुधा तेवढ्यावर खाते उघडे. गावात ही सही शाळेचे गुरुजी, किराणा दुकानदार किंवा सोसायटीचे सचिव देत. शहरात कामावरचा मुकादम नाहीतर घरमालक.

यामागे 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, म्हणजे धनादेशांचा कायदा होता. ग्राहकासाठी वसूल केलेला धनादेश पुढे चोरीचा निघाला, तर कलम 131 बँकेला संरक्षण देते. अट एवढीच की बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केलेले असावे. ओळख न घेता खाते उघडणे हा निष्काळजीपणाच, असे न्यायालये मानत आली. म्हणजे ती सही बँकेच्या स्वतःच्या बचावासाठी होती. पैसा कुठून आला आणि कुठे जाणार, हे तिला विचारायचेच नव्हते.

या पद्धतीची माणुसकी आणि तिचा अन्याय एकाच ठिकाणी होते. ज्याला गाव ओळखते त्याला कागद लागत नसे. मराठवाड्यातून मुंबईत नुकत्याच उतरलेल्या मजुराला, पालावर राहणाऱ्या कुटुंबाला किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला मात्र सही द्यायला कुणी नसे. उलट बाजूने, ओळख देणारे भिडेखातर सही करत आणि अर्जदाराचा पत्ता त्यांनाही ठाऊक नसे. नव्वदच्या दशकात बँकांतले घोटाळे गाजल्यावर अर्जाला फोटो चिकटवणे आले, पण मूळ रीत तीच राहिली.

2002 नंतर

अमली पदार्थांच्या व्यापारातला पैसा रोखण्यासाठी 1989 मध्ये जी-7 देशांनी फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफ, ही संस्था उभी केली. सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर दहशतवादाला मिळणारा पैसाही तिच्या कक्षेत आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बँकांच्या देखरेखीविषयीच्या बासेल समितीने ग्राहकाची पारख कशी करावी याचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. रिझर्व्ह बँकेचे ‘आपला ग्राहक ओळखा’, म्हणजेच केवायसीचे, पहिले परिपत्रक ऑगस्ट 2002 चे आहे आणि सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर 2004 ची. आर्थिक गैरव्यवहारांची माहिती गोळा करणारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट ही यंत्रणाही त्याच महिन्यात स्थापन झाली. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 चा असला तरी तो 1 जुलै 2005 रोजी अमलात आला. जून 2010 मध्ये भारत एफएटीएफचा सदस्य झाला.

2004 च्या तत्त्वांचे चार भाग होते : कोणाला ग्राहक करून घ्यायचे याचे धोरण, ओळख पटवण्याची कार्यपद्धती, व्यवहारांवर लक्ष आणि जोखमीचे व्यवस्थापन. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला यातला फक्त दुसरा भाग दिसतो. बँकांनीही सगळ्यात जास्त जीव त्यातच ओतला, कारण कागदाची झेरॉक्स फाईलला लावली की काम झाल्याचा पुरावा हाती राहतो. व्यवहारांवर सतत नजर ठेवणे खर्चाचे आणि कौशल्याचे काम. हा तोल सुरुवातीलाच ढळला.

कडक नियम आले त्याच काळात ते सैल करण्याचे प्रयत्नही सुरू झाले, ही बाब नेहमी विसरली जाते. ऑगस्ट 2005 मध्येच रिझर्व्ह बँकेने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सवलत दिली : शिल्लक 50,000 रुपयांपर्यंत आणि वर्षभरातली जमा 1 लाखापर्यंत असेल, तर पूर्ण तपासणी झालेल्या दुसऱ्या खातेदाराने दिलेली ओळख चालेल. त्याच वर्षी ‘नो-फ्रिल्स’ खाती आली. पुढे डिसेंबर 2010 मध्ये केंद्र सरकारने ‘छोटे खाते’ नियमात आणले. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही त्याने फोटो द्यावा, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही करावी किंवा अंगठा उठवावा आणि खाते उघडावे. मर्यादा अशा : शिल्लक कधीही 50,000 च्या वर नको, वर्षातली एकूण जमा 1 लाखाच्या आत, महिन्याचे काढणे आणि पाठवणे मिळून 10,000 च्या आत. खात्याची मुदत 12 महिने, आणि त्या काळात ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचे दाखवले की आणखी 12 महिने.

डिसेंबर 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की ओळख देणारा आता सक्तीचा नाही, आणि एकाच कागदावर नाव व पत्ता दोन्ही असतील तर दुसरा मागू नये. जून 2014 मध्ये पत्त्याचा एकच पुरावा पुरे, मग तो गावाकडचा असो वा सध्याचा, असेही सांगून झाले. याच जमिनीवर 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना उभी राहिली. ऑगस्ट 2023 पर्यंत जनधन खाती 50 कोटींच्या पुढे गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक बायकांची होती. जागतिक बँकेच्या फिन्डेक्स पाहणीनुसार 2011 मध्ये भारतातल्या 35 टक्के प्रौढांचे खाते होते, 2017 मध्ये 80 टक्क्यांचे आणि 2024 च्या पाहणीत 89 टक्क्यांचे. तपासणीमुळे दारे बंदच झाली असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे बाजूला ठेवून चालणार नाही.

टेंभलीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आदिवासी पाड्यावरून या योजनेची सुरुवात करण्यामागचा अर्थ उघड होता : ज्याच्याकडे काहीच कागद नाही त्याला देशभर चालणारी ओळख मिळावी. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने आधारच्या साठ्याकडून थेट मिळणारी इलेक्ट्रॉनिक माहिती, म्हणजे ई-केवायसी, वैध मानली आणि खाते उघडणे काही मिनिटांवर आले.

मग जून 2017 मध्ये नियम बदलला. नव्या खात्याला आधार सक्तीचे झाले आणि जुन्या खातेदारांनीही ते जोडायचे, नाहीतर खाते चालणार नाही असे ठरले. मुदत आधी 31 डिसेंबर 2017, नंतर 31 मार्च 2018, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने निकालापर्यंत ती लांबवली. न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा बहुतांशी राखला, पण बँक खात्यावरची सक्ती मात्र रद्द केली. सगळ्यांनाच संशयित धरून खाते बंद पाडण्याची तरतूद प्रमाणाबाहेरची आहे, हा त्यातला मुख्य विचार. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या भिन्न निकालपत्राने तर संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला होता.

2019 च्या कायदादुरुस्तीने वाट पुन्हा उघडली, या वेळी ग्राहकाच्या संमतीची. आज नियम असा : ग्राहकाने स्वेच्छेने आधार दिले तर बँक ते वापरू शकते, आणि सरकारी अनुदान थेट खात्यात हवे असेल तर ई-केवायसी लागते. व्यवहारात ‘स्वेच्छा’ किती उरली हा प्रश्न वेगळा. अर्जावर आधारचा रकाना पहिला असतो आणि बाकीचे पर्याय सांगण्याची तसदी फारसे कुणी घेत नाही.

नियमात काय आहे, खिडकीवर काय होते

रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी 2016 च्या मुख्य निर्देशात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या आणि 2025 च्या अखेरीस त्याची संस्थानिहाय फेरमांडणीही झाली. पण गाभा कायम आहे. सहा कागदांपैकी कोणताही एक पुरतो : पासपोर्ट, वाहन परवाना, आधार असल्याचा पुरावा, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड, किंवा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्त्याचे पत्र. सोबत पॅन, आणि पॅन नसेल तर फॉर्म 60. आणि एक फोटो.

यादीत काय नाही हेही पाहण्यासारखे आहे. रेशनकार्ड नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत पिशवीत जपून ठेवलेला हा कागद 2004 च्या तत्त्वांत पत्त्यासाठी चालत होता, आता चालत नाही. पॅनकार्डही 2017 पासून ओळखीचा कागद म्हणून मोजले जात नाही. ते फक्त करासाठी.

पत्त्याबाबत नियम बराच उदार आहे. कागदावरचा पत्ता जुना असेल तर दोन महिन्यांच्या आतले विजेचे, पाण्याचे किंवा पोस्टपेड मोबाईलचे बिल, घरपट्टीची पावती, पेन्शनचा आदेश असे काहीही तात्पुरते चालते. नव्या पत्त्याचा कागद तीन महिन्यांत द्यायचा. आधारने ओळख पटवली असेल आणि सध्याचा पत्ता निराळा असेल, तर ग्राहकाचे स्वतःचे निवेदन पुरते. तरी पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो, आणि चार जणांत एक खोली घेतलेल्या मुलाकडे तो नसतो. बीडहून दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा ‘सध्याचा पत्ता’ म्हणजे कारखान्याच्या गाडीतळावरची कोपी. तिला ना वीजबिल, ना घरपट्टी.

नावाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि महाराष्ट्रात तर फारच. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते आणि जुन्या पिढीत पहिले नावही सासरचे लोक नवे ठेवत. उदाहरणादाखल साठीतली एक बाई घेऊ. माहेरची द्रौपदा, सासरची सुमन. मतदार ओळखपत्रावर ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’, आणि इंग्रजीत आडनाव एका कागदावर एक ‘ए’ घालून, दुसऱ्यावर दोन. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘वाघ’च आहे, पण संगणक इंग्रजी अक्षरे मोजतो. खिडकीपलीकडच्या मुलीला ही तीच बाई आहे हे समोर दिसत असते. तिची स्क्रीन मात्र ‘नाव जुळत नाही’ म्हणते आणि तिथे ‘मला पटले’ असे लिहायला रकाना नसतो.

नियमात यावर उतारा आहे : लग्नाचे राज्य सरकारने दिलेले प्रमाणपत्र किंवा नावबदलाची राजपत्रातली जाहिरात जोडली, की जुन्या नावाचा कागदही चालतो. पण चाळीस वर्षांपूर्वी मांडवात झालेल्या लग्नाची नोंद कुठली? मग सांगितले जाते, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणा. नोटरीचे पैसे, तालुक्याची फेरी आणि बुडालेली मजुरी. विधवा पेन्शनसाठी खाते उघडायला आलेल्या बाईला ही फेरी जड जाते. जुलै 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली, महिना 1500 रुपये आधार जोडलेल्या खात्यात जमा व्हायचे ठरले आणि राज्यभर बँकांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. नावातल्या अशा फरकांचा प्रश्न तेव्हा एकदम उघड्यावर आला.

अंगठ्याची गोष्टही अशीच. बँकमित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, टेबलावर काडेपेटीएवढे यंत्र असते. भांगलणी आणि धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. तो आधी बोट पुसायला सांगतो, मग दुसरे बोट, मग दुसरा हात, मग थोडे पाणी लावून पुन्हा. लाल दिवा हिरवा होत नाही. बुबुळांचा पर्याय आहे, ओटीपीचा आहे, साध्या कागदाचाही आहे. पण बुबुळ वाचणारे यंत्र त्या टेबलावर नसते, मोबाईल क्रमांक मुलाचा असतो, आणि कागदासाठी शाखेत जा म्हणतात.

कोणाचे म्हणणे काय

नियामक आणि तपास यंत्रणांचे म्हणणे सरळ आहे. निनावी खाते म्हणजे गुन्ह्याला मोकळी वाट, आणि पैशाचा माग काढायचा तर प्रत्येक खात्यामागे खरा माणूस हवा. एफएटीएफचे मूल्यमापन बिघडले की देशातल्या प्रत्येक बँकेचा परदेशी व्यवहार महाग होतो, हीही त्यांची बाजू. सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात भारत नियमित पाठपुराव्याच्या, म्हणजे वरच्या गटात बसला. आखाती देशांत किंवा अमेरिकेत राहून घरी पैसे पाठवणाऱ्या मराठी माणसालाही याचा अप्रत्यक्ष फायदा होतो.

तंत्रज्ञानाच्या बाजूचे लोक खर्चाकडे बोट दाखवतात. जी-20 साठी जागतिक बँकेने 2023 मध्ये तयार केलेल्या दस्तऐवजात भारतात नवा ग्राहक जोडण्याचा खर्च 23 डॉलरवरून 0.1 डॉलरवर आल्याचे म्हटले आहे. खर्च उतरला म्हणून बँकांना गरीब ग्राहक परवडू लागला, असा हा युक्तिवाद आणि त्यात तथ्य आहे. जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली, आणि मे 2021 मध्ये ती आणखी विस्तारली. पलीकडे बँकेचा प्रशिक्षित अधिकारीच हवा, ग्राहक कुठे आहे याची नोंद हवी, आणि भारताबाहेरून आलेली जोडणी अडवली गेली पाहिजे. त्यामुळे दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या माणसाला ही सोय नाही. त्याने वकिलातीकडून, नोटरीकडून किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेकडून साक्षांकित प्रती पाठवायच्या.

वंचितांबरोबर काम करणाऱ्यांचा मुद्दा असा की सरासरीचे आकडे छान दिसतात, पण उरलेली माणसे नेहमी तीच असतात. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 मध्ये आणि पुढे भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही, या समाजांकडे मूलभूत कागदपत्रे नसणे हा मोठा अडसर असल्याचे नोंदवले आहे. जन्माची नोंद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून पुढचे काही नाही. छोटे खाते नेमके यांच्यासाठी होते. पण त्यात शाखेला मिळकत नाही, मर्यादांवर लक्ष ठेवण्याचे काम वाढते आणि मुदत संपली की कटकट. म्हणून ते सहसा सुचवलेच जात नाही. उलट बाजूचे एक चांगले उदाहरणही दिले पाहिजे. बचत गटाचे बचत खाते उघडताना सगळ्या सदस्यांची नव्हे, फक्त पदाधिकाऱ्यांची तपासणी पुरे, असा नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. नियम साधा आणि एका वाक्यात सांगता येण्याजोगा असला की तो खिडकीपर्यंत पोचतो.

खासगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांची काळजी वेगळी. खाते उघडताना दिलेली माहिती कुठवर जाते? 2017 मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेने मोबाईल सिमच्या पडताळणीसाठी घेतलेल्या आधारवर ग्राहकांच्या नकळत खाती उघडल्याचा आरोप झाला, गॅसचे अनुदान त्या खात्यांत वळले, आणि मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने केवायसीचे नियम मोडल्याबद्दल तिला 5 कोटींचा दंड केला. ऑगस्ट 2017 च्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा आला. त्या कायद्याखाली ‘संमती’ म्हणजे नेमके काय आणि नकार दिल्यास बँक काय करू शकते, हे अजून खटल्यांतून घासून निघायचे आहे.

आणि बँकेतली माणसे. त्यांची बाजू क्वचितच मांडली जाते. नियमभंगाचा दंड बँकेला होतो, पण चौकशी खाते उघडणाऱ्या अधिकाऱ्याची होते. नागरी सहकारी बँकांना केवायसीतल्या त्रुटींबद्दल दंड झाल्याच्या रिझर्व्ह बँकेच्या घोषणा नियमित वाचायला मिळतात. एक जास्तीचा कागद मागितला म्हणून कुणाची नोकरी जात नाही, एक कमी घेतला म्हणून जाऊ शकते. अशा स्थितीत अधिकारी जास्तीचाच मागणार. त्याला आडमुठा म्हणण्याआधी या तराजूकडे पाहायला हवे.

खरी ओळख, परका पैसा

गेल्या काही वर्षांत वादाची दिशा एका वेगळ्याच गोष्टीने बदलली : भाड्याने दिलेली खाती. सायबर गुन्हेगार फसवणुकीचा पैसा आपल्या नावावर घेत नाहीत. विद्यार्थी, बेरोजगार तरुण, कर्जात बुडालेला शेतकरी अशांना काही हजार रुपये देऊन त्यांचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम ताब्यात घेतात. तपासणीच्या दृष्टीने या खात्यांत काही चुकत नाही. माणूस खरा, आधार खरे, अंगठा जुळलेला. नोव्हेंबर 2024 मध्ये मालेगावात नोकरीचे आमिष दाखवून तरुणांच्या नावे उघडलेल्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रक्कम फिरल्याचा तपास यंत्रणांचा आरोप समोर आला. अशा खातेदाराला पोलिसांची नोटीस येते तेव्हाच खात्यात किती पैसे येऊन गेले ते कळते.

इथे दाराशी केलेली तपासणी अपुरी पडते, कारण ती खाते कोणाच्या नावावर आहे ते सांगते, कोण चालवते ते नाही. पीएमसी बँकेच्या 2019 च्या प्रकरणाने तर दुसरे टोक दाखवले : एका बांधकाम समूहाची कर्जे लपवण्यासाठी बँकेच्या दप्तरात 21,000 हून अधिक बनावट कर्जखाती तयार केल्याचा आरोप होता. ग्राहकाची कितीही कसून ओळख घेतली, तरी आतून होणारा गैरव्यवहार त्याने थांबत नाही.

जागतिक पातळीवरही परिणामकारकतेविषयी शंका जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने 2011 मध्ये अंदाज मांडला होता की गुन्हेगारी पैशातला एक टक्क्याहूनही कमी भाग जप्त होतो. 2020 मध्ये रोनाल्ड पोल या अभ्यासकाने या साऱ्या धोरणाला जगातला सर्वांत निष्प्रभ प्रयोग म्हणावे काय, असा प्रश्न विचारला. उत्तरादाखल समर्थक म्हणतात, जप्तीचा आकडा हे माप अपुरे आहे. जो गुन्हा धाकाने झालाच नाही त्याची नोंद कुठे होणार? दोन्ही म्हणणी एकमेकांना खोडून काढण्याइतकी भक्कम नाहीत आणि वाद तिथेच थांबला आहे.

म्हणून रोख आता खाते उघडल्यानंतरच्या हालचालींकडे वळतो आहे. डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने भाड्याने दिलेली खाती हुडकणाऱ्या ‘म्यूलहंटर’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या साधनाची माहिती दिली. 2004 च्या तत्त्वांत ‘व्यवहारांवर लक्ष’ हा भाग होताच. त्याकडे वीस वर्षांनी गांभीर्याने पाहिले जाते आहे, आणि ही दिशा मला योग्य वाटते. मात्र यंत्राने संशयित ठरवलेले खाते गोठवले आणि खातेदार निर्दोष निघाला, तर त्याचे पैसे किती दिवसांत मोकळे व्हावेत, हा प्रश्न उरतो. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदतवाहिनीवर आलेल्या तक्रारीनंतर साखळीतल्या प्रत्येक खात्यावर टाच येते, आणि त्यात ग्राहकाकडून यूपीआयने पैसे घेतलेला भाजीवालाही सापडतो.

काय सुटायचे आहे

एकदा दिलेली ओळख पुन्हा पुन्हा का द्यावी लागते, हा त्यातला सर्वांत साधा प्रश्न. 2016 पासून केंद्रीय केवायसी नोंदणी आहे, तिथे प्रत्येकाला 14 अंकी क्रमांक मिळतो आणि तो दिला की दुसऱ्या बँकेने कागद मागू नयेत अशी अपेक्षा आहे. तरी तो क्रमांक आपल्याला आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते, आणि दुसऱ्या बँकेने केलेल्या तपासणीवर विसंबण्याची जोखीम कोणी घ्यायची यावर बँकांत एकमत नाही. चूक निघाली तर दंड कुणाला, हे ठरल्याशिवाय तो क्रमांक निम्माच उपयोगी.

ठरावीक काळाने होणारी फेरतपासणी हा दुसरा दुखरा भाग. जास्त जोखमीच्या ग्राहकाची 2 वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची 8 वर्षांनी, कमी जोखमीच्या ग्राहकाची 10 वर्षांनी. माहितीत बदल नसेल तर स्वतःचे निवेदन पुरते. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने हे काम बँकमित्राकडेही करता येईल असे केले. मुदतीआधी तीन सूचना, त्यातली एक तरी पत्राने, आणि मुदतीनंतर तीन स्मरणपत्रे बंधनकारक केली. आणि कमी जोखमीच्या ग्राहकाचे व्यवहार मुदत उलटल्यावर एक वर्ष किंवा 30 जून 2026, यांपैकी जी तारीख नंतरची तोवर चालू ठेवायला सांगितले. जनधनची खाती दहा वर्षांची झाली होती आणि एकदम कोट्यवधी खाती थबकण्याची वेळ आली होती, हे त्यामागचे कारण.

तिसरा प्रश्न न्यायालयानेच पुढे आणला. 30 एप्रिल 2025 रोजी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. व्हिडिओवर ‘डोळे मिचकावा’ म्हटल्यावर ज्यांना ते शक्य नाही, त्यांना जिवंत माणूस म्हणून यंत्र मान्यच करत नव्हते. ऑगस्ट 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने दुरुस्ती केली : अशा चाचणीमुळे विशेष गरजा असलेली कोणतीही व्यक्ती वगळली जाऊ नये, आणि कोणताही अर्ज विचार न करता फेटाळू नये, फेटाळला तर अधिकाऱ्याने कारण नोंदवावे.

माझ्या मते या साऱ्या वाटचालीत हे शेवटचे वाक्य सर्वांत दूरगामी ठरू शकते. आजवर किती खाती उघडली हे मोजले गेले, किती माणसे परत गेली हे नाही. खिडकीवरून ‘उद्या या’ ऐकून गेलेल्या बाईची नोंद कुठेच होत नव्हती, कारण तिचा अर्ज आत घेतलाच गेला नव्हता. आता कारण लिहायचे आहे. पण ते अर्जदाराच्या हाती लेखी द्यायचे की नाही, तोंडी नकार हाही नकार धरायचा की नाही, आणि शाखानिहाय ही कारणे बाहेर मांडायची की फाईलमध्येच ठेवायची, हे निर्देशात स्पष्ट व्हायला हवे. तसे झाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच बँकेचा स्वतःचा एक कागद असेल.